फाटकाच्या आत परदेश

१४ सप्टेंबर, रविवार
नवं मशीन बसलं. बंदरावरून ड्यूटी न भरता थेट आमच्या शेडमध्ये. पिरनवाडीच्या जुन्या वर्कशॉपसाठी घेतलं असतं तर आधी आम्ही ड्यूटीच भरत बसलो असतो. निपाणी रोडवरच्या या झोनचं मला खरंच कौतुक वाटतं. कुंपणाच्या आत कागदोपत्री परदेश. पोलाद बाहेरून मागवा, व्हॉल्व्हचे पार्ट करा, जर्मनीला पाठवा, ड्यूटी नाही. आपल्याच देशात विकलं तरच भरायची. ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याला हात जोडावेसे वाटतात.

अण्णा मात्र अजून आत पाऊल टाकत नाही. "तू सांभाळ तुझा परदेश. मी पिरनवाडीत बरा हाय." आप्पा गेल्यापासून आम्ही दोघं भावंडं मिळून चालवतोय. कागद माझे, मशीन त्याचं. तोच येणार नसेल तर हे सगळं मांडलंय कुणासाठी?

१९ सप्टें., शुक्र.
पार्ट मापात बसेनात. मशीनवरची पोरं हैराण. अण्णाला फोन केला. "बघू" म्हणाला. म्हणजे येणार!

पिरनवाडीहून मशीनच्या तेलाचा डबा मागवला. कस्टम्सचे साहेब म्हणाले, बाहेरून आत आलं की ती निर्यात, त्यावर कर नाही. तेलाच्या डब्याची निर्यात! साहेब इथंच बसतात, चहा निवायच्या आत सही. एरवी चपला झिजल्या असत्या.

२२ सप्टें., सोम. घटस्थापना
अण्णा आला. हातात आप्पांचं मापं घ्यायचं जुनं व्हर्नियर. फाटकावर वॉचमननं नोंद केली, परत न्यायचं म्हणून. अण्णानं मशीनवर हात फिरवला. "लई गुणाचं हाय गं, सुमे." दुपारपर्यंत पार्ट बरोबर मापात. मला रडूच आलं.

आणि मग तो घोळ. आमच्यात नव्या मशीनचा पहिला पार्ट आधी घरच्या देवीपुढं, मग गिऱ्हाइकाला. आप्पांपासूनची रीत. अण्णानं पार्ट टॉवेलात गुंडाळला, स्कूटरच्या डिकीत ठेवला आणि निघाला. विचारायचं काय त्यात! वॉचमननं डिकी उघडली. "अण्णा, हंग ओय्याक बरंगिल्ला." असं नेता येत नाही.

"माझ्या हातचा पार्ट, माझ्या घरच्या देवीला. चोर हाय व्हय मी?"

पार्ट फाटकावर अडकला. जर्मनीला नमुना म्हणून तोच जायचाय. अण्णा माझ्याकडं न बघता गेला. आता कसला येतोय परत.

२३ सप्टें., मंगळ.
साहेबांनी बोलावलं. फाटकाबाहेर काढणं म्हणजे आयात. कागद हवेत, ड्यूटी हवी. सगळं खरं सांगितलं. ताकीद लिहून दिली, पार्ट परत दिला. वर हळूच, "मॅडम, घट तो मेरे घर भी बैठा है।" राग आला नाही. इथलं सील बघून बंदरावर आमचा कंटेनर कुणी उघडत नाही, ते या कडकपणामुळंच. पण हे अण्णाला कोण सांगणार? फोन उचलत नाही.

आईला देवी इकडं आणू का विचारलं. "देव घटी बसल्यात, हलवायचं न्हाय." पार्ट बाहेर जाईना, देवी आत येईना. मीही हट्टी. कुंकू लागल्याशिवाय नमुना पाठवायची नाही.

२५ सप्टें., गुरु.
अण्णा फाटकावर! आईनं पाठवला. एका खिशात व्हर्नियर, दुसऱ्यात घटापुढच्या कुंकवाची पुडी. वॉचमन पुडीकडं बघतोय, अण्णा वॉचमनकडं. घाईघाईनं म्हटलं, अण्णा, आत न्यायला काही अडचण नाही, बाहेरून आत आलं की निर्यात.

अण्णानं पुडी वर धरली. "म्हणजी देवीचं कुंकू एक्स्पोर्ट झालं व्हय?" आणि असा हसला! वॉचमनही हसला.

पार्टला कुंकू, मशीनला कुंकू. मग पार्ट पुसून लख्ख केला, जर्मनांना काय कळतंय. नमुना रवाना. अण्णा दिवसभर पोरांना शिकवत होता. इतका खुश आप्पा गेल्यापासून दिसला नव्हता.

२६ सप्टें., शुक्र.
सकाळी वॉचमन, "ताई, अण्णांचं व्हर्नियर काल बाहेर गेलंच न्हाई." शोधलं. मशीनच्या खणात, टॉवेलात गुंडाळून ठेवलेलं. अण्णा ते कुणाला हात लावू देत नाही, विसरणं शक्यच नाही. फोन केला.

"ऱ्हाऊ दे तिथंच. परत न्यायला ड्यूटी लागंल."

"न्हाय लागत अण्णा. परत न्यायचं म्हणून नोंद हाय की."

मागं जुन्या लेथचा आवाज.

"मग ती नोंद खोड."

त्यानं फोन ठेवला. जर्मनीचा निरोप अजून नाही. आणि अण्णा स्वतः कधी येणार, ते विचारायचं राहूनच गेलं.