आईचं नाव

कोल्हापूर,
२८ डिसेंबर १९९८

प्रिय शालनआक्कास,
धाकट्या रूथचा सप्रेम सलाम. तू पाठवलेले काजू पोचले. करंज्यांत घातले. आईचा खोकला कसा आहे? ती विचारत असेल, म्हणून आधी सांगते, प्रीतीचं लग्न ठरलं. मे महिन्यात आहे.

मुलाचे आईवडील मिरजेहून नाताळालाच आले होते. देवळात त्या दिवशी वाचन माझ्याकडे होतं, प्रभूची वंशावळ. मंडळी ती कंटाळत ऐकतात. तामार झाली, राहाब झाली, आणि मग माझंच नाव आलं. तू म्हणायचीस, परक्या कुळातून प्रभूच्या वंशात आलेल्या बाईचं हे नाव पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याला मला मुद्दाम दिलं.

जेवताना मुलाच्या आईनं, सुहासिनीबाईंनी, माझ्या माहेरची चौकशी केली. यांनी भाताचं पातेलं पुढं सरकवत सांगून टाकलं की हिचे आईवडील दोघंही वारले. शाळेत असताना दर मे महिन्याची सुट्टी आजीपाशी काढलेल्या प्रीतीनं भात वाढून घेतला. सुहासिनीबाईंनी विचारलं, आई कशानं गेल्या?

मी म्हणाले, "आई गेली न्हाई. आजऱ्याला आक्कापाशी हाय. चिमणाबाई तिचं नाव. लहानपणी तिला यल्लम्माला सोडली होती, जोगतीण होती ती. आम्हा दोघींना बापाचं नाव न्हाई. आमाला पोटाशी घेऊन ती प्रभूकडं आली."

आक्का, मला वाटलं ती माणसं ताटावरून उठतील. उठली नाहीत. सुहासिनीबाईंनी माझा हात धरला. "प्रभूच्या वंशात राहाब वेश्यासुद्धा होती. आम्ही कोण दोष देणार? फक्त लग्नात त्या नकोत. माणसं विचारतात."

यांचा चेहरा निवळला. यांनी सगळ्यांना करंज्या वाढल्या आणि तारीख काढली.

भांडी घासताना मी प्रीतीला म्हटलं, आजीला बोलवायचं तू बोल, ती माणसं तुझं ऐकतील. ती अठ्ठावीस वर्षांची आहे. तीन ठिकाणांहून नकार आला, तेव्हापासून हे तिच्याशी नीट बोलत नाहीत. तिनं नळ मोठा सोडला आणि हळू म्हणाली, "आई, आता गप्प बस. मला ह्या घरातनं बाहेर पडायचंय."

मी ताटं विसळत राहिले. मला तरी कुठं बाहेर पडता आलं? परवापासून यांनी फोनला कुलूप घातलंय. हे पत्र शेजारच्या बनाबाईकडून टाकतेय.

आईला काही सांगू नकोस, असं लिहायला बसले होते. पण सांग. त्या बाई बोलल्या तेच शब्द सांग. ती चिडणार नाही. पोरीचं होऊ दे, मी येत न्हाई, असंच म्हणेल. मला त्याचीच भीती वाटते, आक्का. तिनं तसं म्हटलं, की मी तिचं ऐकेन.

चिमणाबाईची धाकटी,
रूथ