पट्टीला लावलेलं कुंकू

आबा, आज परत तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण तेवढी समज मला अजून आलेली नाही. सकाळी शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे क्लार्क कॉम्प्युटर रिक्षात घालून माझ्या दुकानात घेऊन आले. नवी रॅम बसवल्यापासून स्क्रीन काळी ती काळीच, आत नुसतं पीं पीं वाजतंय म्हणाले. "म्याडम, पार्टच डुप्लिकेट हाय बघा." मी त्यांना फाडकन म्हटलं, पार्टला नावं ठेवायच्या आधी तो नीट दाबून बसवलाय का ते तरी बघायचं. बसवला नव्हताच. एका टोकाची खिट्टी उघडी होती. अंगठ्यानं दाबली, खट्‌ झालं, मशीन चालू. ते हसत गेले, मी मात्र दिवसभर धुमसत बसले. आपला तो दसरा आठवला.

रॅमला तुम्ही पट्टी म्हणायचात. टायपिंगची कामं घेण्यासाठी मी जुना कॉम्प्युटर घरी आणला होता, तो गोगलगायीसारखा चालायचा, म्हणून एक पट्टी वाढवायची ठरवली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तुमच्या हत्यारांच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा मशीन उघडलं. तुम्ही, फाउंड्रीत तीस वर्षं मशीनं दुरुस्त केलेला फिटर, दारात उभे राहून बघत होता. "हात कापाय न्हाय पायजे," एवढंच बोललात. पट्टी बसवली आणि लाईट गेली. ती आली तोवर तुम्ही पान्यांना तेल लावून ते पाटावर मांडायला घेतले होते. म्हणालात, आता मशीन चालू करायचं न्हाय, नवमीला हत्यार इसावा घेतं. मशीनच्या बाजूचं पत्र्याचं पान मी नुसतं टेकवून ठेवलं, स्क्रू लावायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी पूजा. शिकंजा, पाने, हातोडी, करवत, आणि त्यांच्या ओळीत माझा कॉम्प्युटर. मी बजावलं होतं, आबा, कीबोर्डला हळद-कुंकू लावायचं नाही. तुम्ही "बरं बरं" म्हणालात. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण तुम्ही कुणाचं एका बोलण्यात ऐकलंय असं कधी घडलेलंच नाही. मी आत नारळ फोडायला गेले, तेवढ्यात तुम्ही आपला कार्यक्रम उरकलात.

दसऱ्याला संध्याकाळी शाहूपुरीतले ते दुकानवाले सोनं द्यायला आले. कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि टायपिंगचं दुकान, दुरुस्तीला त्यांना एक हाताखाली माणूस पाहिजे होता, आणि मी जाईन असं तुम्हीच त्यांच्या कानावर घातलं होतं. तुम्हीच म्हणालात, "पोरीनं सोता पार्ट बसिवलाय. दाव गं चालू करून." मी बटण दाबलं. पंखा फिरला, पीं पीं वाजलं, स्क्रीन काळी. परत दाबलं, परत तेच. आणि तुम्ही, आबा, माझ्याकडं न बघता त्यांना म्हणालात, "पावणं, हिला न्हाय जमायचं त्ये. टायपिंगला घ्या." एका वाक्यात निकाल. आपट्याची पानं अजून माझ्या हातात होती.

त्यांनी तसंच केलं. दुरुस्तीच्या टेबलाशी दुसराच कुणी बसला आणि मी तीन वर्षं काचेच्या अलीकडं बसून लोकांचे अर्ज टाइप केले. आतलं मशीन मला तिथून दिसायचं, पण हात लावायची सोय नव्हती. ती तीन वर्षं मी कुणाकडं मागू?

आणि चूक कुणाची होती? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पान काढलं तर नव्या पट्टीवर हळद-कुंकवाची ही एवढी बोटं. खाचेतसुद्धा लाल सांडलेलं. पट्टी काढली, तिच्या सोनेरी कडा खोडरबरनं घासल्या, फुंकर मारली, परत बसवली, मशीन सुरू. तशीच उठून तुमच्याकडं आले, आठवतंय? तुम्ही दाढी करत होता. "आत कोण गेलतं?" म्हटलं. तर तुम्ही आरशातच बघत, "नवा पार्ट हाय, त्याला कुंकू नको व्हय? नव्या बेरिंगला लावतो तसं लावलं की." मी म्हटलं, त्यानंच बंद पडलं. तुम्ही वस्तरा पाण्यात खळबळलात. मग म्हणालात, "चालू झालं न्हवं आता? मग झालं की." झालं कसं? शाहूपुरीला जाऊन "चूक माझी हाय, पोरीची न्हाय" एवढं सांगायला तुमच्या जिभेला काय झालं होतं? सायकल काढली असती तर वीस मिनिटांचा रस्ता.

ही गोष्ट मी सगळ्यांना सांगितली. तुमच्या तेराव्याला तुमच्या फाउंड्रीतल्या माणसांनासुद्धा, आबांनी माझ्या कॉम्प्युटरला कुंकू लावून बंद पाडला म्हणून, आणि ती रडता रडता हसली. तुम्ही असतानाही सांगायची. तुम्ही कधी उलट बोलला नाहीत. पुढच्या प्रत्येक खंडेनवमीला सगळ्या हत्यारांना कुंकू लावायचात आणि माझ्या मशीनपाशी आलात की हात मागं घेऊन लांबूनच नमस्कार करायचात.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. कोरड्या कुंकवानं मशीन बंद पडतंही, नाही असं नाही. पण त्या दिवशी पान काढलं तेव्हा पट्टीच्या एका टोकाची खिट्टी उघडी होती, आबा. मी बघितली होती. दोन्ही खिट्ट्या लागेपर्यंत पट्टी दाबली, आणि तुमच्यापुढं येऊन फक्त लाल झालेलं खोडरबर धरलं.