वैशूचे उंदीर

सौंसर, रविवार, संध्याकाळ

वैशू आत्ताच नागपूरच्या बसने गेली. धाकटी बहीण प्रयोगशाळेत उंदरांवर काम करते, एवढंच मला ठाऊक होतं. आज तिनं नीट समजावलं. तिचे उंदीर जन्मतःच खुजे. वाढीचं हार्मोन सोडणारी ग्रंथी त्यांच्यात आहे, पण तिला ते सोडण्याचा इशाराच मिळत नाही. वैशू तो इशारा सुईतून देते. मग ग्रंथी स्वतःच हार्मोन सोडते आणि ते इवलेसे उंदीर वाढतात! ऐकताना अंगावर काटाच आला.

माझी पिंकी शेजारी बसलेली. दहा वर्षांची, दिसते सहाची. तिला रोज थेट हार्मोनचीच सुई. मला राहवलं नाही.

"मग हे औषध पिंकीले कधी देतं?"

"ताई, उंदीर वाढून राहिले, हे खरं. पण पिंकीले चालेल का, मले नाही माहीत. खोटी आशा नाही देणार तुले."

रागच आला. सख्खी बहीण, "बघू" म्हणायला काय जात होतं? इतक्यात पिंकीनं विचारलं, "मावशी, उंदराले सुई दुखते?"

"दुखते ना. म्हणून आधी त्याले मुठीत धरून बसते. थरथर थांबली की मगच देते."

पिंकी विचारात पडली. मग बाही वर करून म्हणाली, "आज मले तूच दे."

रोज सुईच्या वेळी घर डोक्यावर घेणारी पोर! वैशूनं तिचा दंड दोन्ही हातांत धरला आणि नुसती बसून राहिली. मी पाहत होते. माझा राग कधी गेला, कळलंच नाही.

शेवटी पिंकीच म्हणाली, "हं, आता दे."