कपाटाच्या दारामागचा भाव

प्रिय दादा,

बाबांचं कपाट रंगवायला काढलं, तर दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने आकडेच आकडे! तू परदेशी गेल्यापासूनचा तिकडच्या चलनाचा रोजचा भाव, अकरा वर्षांचा.

"बाबा, दादाने कधी छदाम पाठवला नाही की आपण मागितला नाही. मग हा उद्योग कशाला?"

आईच म्हणाली, "भाव चढला की शीळ घालतात. पडला की मला विचारतात, पोरगा नीट जेवत असेल ना?"

बाबा ओशाळून हसले. "अगं, त्याच्या देशाची तेवढी एकच बातमी पेपरात रोज येते."

ते दार तसंच ठेवलंय. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय, म्हणून हे पत्र टाकणार नाही. फोनवर एवढंच सांगेन, दर सोमवारी फोन करत जा.

रविवारी बाजार बंद, म्हणून सोमवारी पेपरात भाव नसतो.

रंगाने माखलेली,
तुझी धाकटी