एल्मोचं बोट

कॅन्सस सिटी,
सप्टेंबर १९७४

प्रिय लेम,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न वाचताच टाकून देशील, अशी धास्ती वाटतेय. टाकू नकोस. राग तुझा एल्मोवर आहे. मी त्याची बहीण असले तरी मी तुझं काही घोडं मारलेलं नाही.

न्यूयॉर्कच्या एका कंपनीनं एल्मोच्या जन्मभराच्या रेकॉर्डी गोळा करून मोठा संच काढलाय. ड्रमवाला ठेक्यात सगळ्यांच्या पुढे धावतो त्या अगदी पहिल्या रेकॉर्डीपासून, बँड मोडल्यावर एल्मोनं एकट्यानं पियानोवर केलेल्या शेवटच्या रेकॉर्डीपर्यंत सगळं आहे. खोक्यावर आपल्या बँडचा पांढऱ्या कोटांतला फोटो. गाणारी म्हणून मी मधोमध, नवरीसारखी नटलेली. तुझा मात्र एक कानच आलाय. पण कान तुझाच, त्यात शंका नाही; एवढा मोठा कान साऱ्या व्हाइन स्ट्रीटवर दुसरा नव्हता.

एल्मोला हे खोकं बघून आनंद झाला असं लिहायला हवं होतं. पण वसंतात त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मी समोर बसले तरी नजर माझ्यावरून भिंतीवर जाते. डॉक्टर म्हणतात, आत आता काही उरलेलं नाही, उगाच आशा धरू नका. मला ते पटत नाही. एकदा तरी त्यानं कुणाला ओळखावं, मग त्याला खुशाल जाऊ दे, एवढंच मागणं आहे माझं.

म्हणून रोज दुपारी पडदे ओढून मी त्याच्याजवळ रेकॉर्ड लावते. शेजारच्या अंगणातून भट्टीवर भाजत्या डुकराच्या बरगड्यांचा धूर येतो, माझा डोळा लागतो, आणि आपण परत त्या खटारा बसमध्ये असतो. बाहेर ओक्लाहोमाचा कापूस, संपता संपत नाही. तू माझ्या खांद्यावर मान टाकून घोरतोयस, मी तुला उठवत नाही. मग कुठल्याशा गावच्या नाचघरात दिवे, पोरींचे झगे गरगरताहेत, आणि तुझा सॅक्सोफोन असा वाजतोय की घरी जायचं भान कुणालाच नाही. एल्मो पियानोवरून डाव्या हाताचं बोट वर करायचा. म्हणजे थांबू नकोस, आणखी एक आवर्तन घे. तुझ्यासाठी ते बोट कितीदा वर जायचं, आठवतं ना? ट्रंपेटवाला जळफळायचा.

मंगळवारी संचातली ती शिकागोची रेकॉर्ड लागली. तुझी नदीकाठची धून. तबकडीत तीन मिनिटंच मावतात म्हणून एल्मोनं तुला दोन आवर्तनांत तोडलं होतं. तू म्हणालास, "मला गप्पच करायचं होतं, तर बोलावलंस कशाला?" तोही हट्टाला पेटला, म्हणाला, दार तिकडे आहे. आणि तू खरंच गेलास की रे, पार कॅलिफोर्नियात, ओकलंडपर्यंत! त्यानंतर एल्मोनं ती रेकॉर्ड घरात कधी लावू दिली नाही. मला वाटायचं, रागानं.

तर मंगळवारी तुझी दोन आवर्तनं झाली आणि एल्मोचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला. बोट वर. मला वाटलं, पेटका आला. पुन्हा लावली. पुन्हा तिथंच बोट वर. इतर सगळ्या रेकॉर्डी लावून बघितल्या, ट्रंपेटवाल्याच्याही. हात हलला नाही. तुझ्या त्या दोन आवर्तनांनंतरच हलतो. रेकॉर्ड संपते तरी तो बोट खाली घेत नाही, लेम. वाट बघत राहतो. मी तोंडात रुमाल कोंबून रडले.

तर पत्राचं कारण हे. सॅक्सोफोन घेऊन ये. चर्चमध्ये अजून वाजवतोस असं कानावर आहे. पुढच्या खोलीत त्याच्या खाटेजवळ बस आणि रेकॉर्ड संपेल तिथून पुढे वाजव. त्याच्याकडे फार दिवस नाहीत. मला तो ओळखत नाही, याचं वाईट वाटून घ्यायचं मी सोडून दिलंय. तुला ओळखतो, तेवढं पुरे. तू गेलास तेव्हा मी दारापर्यंत आले होते आणि भावाकडे बघून गप्प राहिले. आज बोलते. एल्मोसाठी ये, आणि त्याच्यासाठी यायचं नसेल, तर माझ्यासाठी ये.

तुझीच,
व्हर्जी