झडप कधी लावायची

३ डिसेंबर

प्रिय हेन्ना,

परवा फोनवर तू विचारलंस, सही केलीस का, आणि मी नुसतं ‘बघते’ म्हणून फोन ठेवला. राग मानू नकोस. तू पाठवलेला तो तक्रारीचा कागद टेबलावर साखरेच्या भांड्याखाली आहे. गवंडी ताउनोने आपल्या स्वयंपाकघरातल्या भट्टीचं काम निष्काळजीपणे केलं, त्यामुळे विषारी वायू घरात कोंडला आणि माझी नात मरता मरता वाचली, असं त्यात लिहिलंय. खाली माझ्या नावापुढे रेघ मोकळी आहे. दिवसातून दहा वेळा मी त्या टेबलापासून लांबून जाते. बारा तारखेला तू ठरवलेल्या कंपनीची माणसं भट्टी पाडायला येणार. हिल्ला शाळेत तोंड उघडत नाही, भरवल्याशिवाय खात नाही, आजीचा फोन म्हटला की पलंगाखाली जाऊन बसते. डॉक्टरीण तुला म्हणाली की मूल घाबरलंय, भीतीचं कारण काढून टाका. म्हणून भट्टी पाडायची. सात वर्षांचं पोर दोन महिने असं मुकं राहिलं तर कोणती आई गप्प बसेल? तुझं चुकतंय असं मी म्हणत नाही.

मी मात्र घाबरून अर्धी झालेय, हेन्ना. तू पाठवलेल्या विजेच्या शेगड्या चालू आहेत, तरी अंगात कोट घालूनच बसते. मंगळवारी बर्फाच्या ओझ्याने झाडं तारांवर पडली आणि सकाळी दहा ते दुपारी दोन वीज गेली. बाहेर उणे एकोणतीस. मी थंड भट्टीसमोर स्टूल घेऊन बसले, खिशात काडेपेटी, बाजूला वाळलेली बर्चची लाकडं. एक काडी ओढायची, एवढंच काम. दोनदा ओढली आणि दोनदा फुंकून टाकली. बोटं निळी पडायला लागली तरी हात पुढे होईना. आपल्याच घरात, आपल्याच चुलीला भिऊन बसलेली बाई पाहिलीयस कधी?

आणि ती कंपनीची माणसं. तू ताम्पेरेहून फोनवर ठरवलंस, तुला वाटलं काम झालं. बुधवारी आठला येतो म्हणाले, आले शुक्रवारी दुपारी. बूट न काढता आत आले, हेन्ना. तुझ्या आजीने चिंध्यांचं विणलेलं जाजम, त्यावर चिखलाचे बूट. एक जण सगळा वेळ फोनवर हसत होता. दुसऱ्याने भट्टीवर दाराला मारावी तशी टकटक केली आणि म्हणाला, “काकू, ही म्हातारी आता काढा, हवेचा पंप लावा, बटण दाबलं की ऊब.” मी म्हटलं, वीज गेली की काय दाबू? तो म्हणाला, “हल्ली कुठे जाते वीज.” कॉफी विचारली तर वेळ नाही. पंपाच्या नळीसाठी भिंतीला भोक पाडलं, ते स्वयंपाकघराऐवजी माझ्या झोपायच्या खोलीत. चूक कळल्यावर त्यात फडकं कोंबलं आणि म्हणाले, पुढच्या खेपेला बघू. बारा मिनिटांत गेले, मी घड्याळात बघितलं. आता त्या भोकातून वारा शीळ घालतो. फोन केला की एक मुलगी गोड आवाजात सांगते, तुम्ही रांगेत सतरावे आहात. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली आहे माझी. आणि याच माणसांनी तुला फोनवर सांगितलं ना, की ताउनोचं काम खराब होतं? भट्टीच्या तोंडात त्यांनी वाकून पाहिलंसुद्धा नाही.

तुझे बाबा असते तर त्यांनी या दोघांना अंगणातूनच परत पाठवलं असतं. त्यांचं म्हणणं असायचं, माणूस बोलावला की त्याच्या मागे उभं राहावंच लागतं, मग उभंच राहायचं तर स्वतः का नाही करायचं. विहिरीचा रहाट, छप्पर, सौनाच्या न्हाणीघराची बाकं, सगळं त्यांच्या हातचं. तू ते बघत मोठी झालीस आणि तुला वाटतं, आपलं घर स्वतःच्या पायावर उभं राहणाऱ्यांचं. खरं सांगू? पायावर उभे ते होते. मी त्यांच्या खांद्यावर. सेहेचाळीस वर्षं त्या भट्टीत मी भाकऱ्या भाजल्या, पण ऊब आत राहावी म्हणून धुराडं बंद करणारी तिची झडप एकदाही माझ्या हातून लागली नाही. “पीठ तुझं, आग माझी,” म्हणायचे. मला त्याचा तोरा होता. बायका आपल्या नवऱ्यांबद्दल कुरकुर करायच्या तेव्हा मी म्हणायची, आमच्याकडे मला काडीसुद्धा ओढावी लागत नाही. एप्रिलमध्ये ते गेले. सगळे पाहुणे परतल्यावर मी त्या भट्टीसमोर उभी राहिले आणि मला कळलं की मला आपलं घर वापरता येत नाही. तुला सांगितलं नाही. तू लगेच म्हणाली असतीस, आई, गावातल्या इमारतीत राहायला चल. त्या भीतीने मी फोनवर सांगत राहिले, सगळं जमतंय.

सप्टेंबरात ताउनोला बोलावलं ते म्हणून. तो दारातच बूट काढून आत आला. एका मोज्याच्या टाचेला त्याने स्वतः घातलेलं रफू होतं. दोन दिवस पोटावर पडून कमरेपर्यंत भट्टीत शिरलेला. तडकलेली वीट शोधून काढली, बदलली, धुराडं वरपासून खालपर्यंत झाडलं. काम होईपर्यंत कॉफीला हात लावला नाही. मग तीन कप प्यायला आणि वेलदोड्याचे चार पाव खाल्ले. मला वाटलं, आता जाईल. तर स्टूल ओढून म्हणाला, “वहिनी, बसा. माझं काम संपलं, तुमचं सुरू.” तीनदा पेटवायला लावलं त्याने मला. वर राख धरली म्हणून फसायचं नाही. आकडीने निखारे उकरायचे, आणि त्यांच्यावर निळी ज्योत नाचताना दिसली तर विषारी वायू अजून निघतोय, झडपेला हात लावायचा नाही. तास जाईल, दोन जातील. ऊब वाया गेली तर गेली, माणूस नाही जाणार. मला राग आला, हेन्ना. एकाहत्तराव्या वर्षी माझ्याच स्वयंपाकघरात हा मला शिकवणार. मी म्हटलं, “मला काय कुक्कुलं बाळ समजतोस?” तो म्हणाला, “बाळ असतात तर सोपं होतं, बाळं ऐकतात. वहिनी, मी महिन्यातून एकदा येणार, आग रोज पेटणार. माझ्या भरवशावर राहू नका.” मी हूं हूं केलं आणि भांडी धुवायला लागले. अर्धं कानात शिरलं, अर्धं पाण्यात गेलं.

ऑक्टोबरच्या सुट्टीत हिल्ला आली. त्या दिवशी सकाळी आम्ही दोघी रानात लाल बोरं वेचायला गेलो आणि पावसात चिंब भिजून आलो. भट्टी पेटवली, राय धान्याच्या पिठाच्या पारीत भात भरून पोळ्या भाजल्या, तिने पाच खाल्ल्या. जेवल्यावर ती भट्टीशेजारच्या बाकावर आडवी झाली आणि मी खुर्चीत टेकले. डोकं जड वाटत होतं, मला वाटलं दमणूक आहे. तू दिलेलं, धूर झाला की वाजणारं यंत्र छताला होतं, पण या वायूला ना धूर ना वास. नंतरचं आठवतं ते एवढंच, की माझा गाल थंडगार गवतावर होता आणि ताउनो हिल्लाचं तोंड हातात धरून तिला हाका मारत होता. तो नव्या विटेचा सांधा वाळला का ते बघायला आपणहून आला होता. दार वाजवलं, ओ आली नाही. पण घराबाहेर जाताना आपण टेकवतो तो झाडू दाराला नव्हता, म्हणजे घरात माणूस आहे. म्हणून तो आत आला, त्या दिवशी मात्र बूट न काढता. आधी तिला उचलून नेलं, मग मला. दारं-खिडक्या उघडल्या, दवाखान्याची गाडी बोलावली. पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर, असं दवाखान्यातले म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं. ते अर्धं वाक्य मी रोज पुरं करते.

तू रात्रभर गाडी चालवत आलीस. दवाखान्याच्या बोळात तू त्याला म्हणालीस, “तुमच्याच हाताखालून गेलेली भट्टी ना? महिना नाही झाला. लाज वाटत नाही इथे उभं राहायला?” तो टोपी हातात घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. “मी माझं काम परत तपासतो,” एवढंच म्हणून तो गेला. तेव्हापासून गावात त्याला कोणी बोलवत नाही. त्याची गाडी अंगणात बर्फाखाली गेलीय. माणसं ताउनोचं नाव निघालं की माझ्याकडे कळवळून बघतात आणि मी मान खाली घालते. त्यांना वाटतं मला अजून धक्का आहे.

नोव्हेंबरात तो तीनदा माझ्याकडे आला. तिन्ही वेळा मी त्याला वळणावर बघितलं, पुढच्या दाराला बाहेरून झाडू टेकवला, सौनाच्या बाजूने आत शिरले आणि खिडकीखाली जमिनीवर बसले. झाडू दिसला की तो पायरीसुद्धा चढत नाही, तसाच वळतो. बर्फात माझी ताजी पावलं उमटलेली असायची, सौनाकडे जाणारी. त्याला ती दिसली नसतील असं मी कसं म्हणू? तिसऱ्या खेपेला मात्र तो पायरी चढला, मी पडद्याच्या फटीतून बघितलं, झाडू पडायला आला होता तो त्याने नीट टेकवला आणि गेला. आपल्याला ज्याने उचलून बाहेर काढलं त्याच्यापासून मी जमिनीवर लपून बसले होते. तेव्हा मला स्वतःची किळस आली.

काल मी त्याच्या घरी गेले. आता तुला सांगते. भट्टीत काहीही चुकलं नव्हतं. झडप मी लावली. निखारे उकरले नाहीत, वरची राख बघितली आणि म्हटलं झालं, पोर भिजलंय, ऊब कशाला घालवायची. ताउनो आत आला तेव्हा झडप पूर्ण बंद होती, त्यानेच ती उघडली. त्याला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. तू त्याला बोललीस तेव्हाही ठाऊक होतं. काल मी विचारलं, का नाही सांगितलंस? तो म्हणाला, “वहिनी, ते माझ्या तोंडून आलं असतं तर हेन्नाने तुम्हाला कधी माफ केलं नसतं. मला वाटलं तुम्ही सांगाल. मग वाट बघितली.” तीनदा तो माझ्याकडे हेच विचारायला आला होता, की कधी सांगताय. तुझ्या कागदावर मी सही करणार नाही. ज्यांनी ज्यांनी त्याला बोलवणं सोडलं त्यांच्या दारी मी स्वतः जाऊन खरं सांगेन, ते माझं मी बघते.

पण हे सगळं मी आणखी दोन महिने लपवलं असतं, हेन्ना, माझी तेवढी तयारी होती. पत्र लिहायला बसले ते तू परवा म्हणालीस म्हणून, की हिल्ला झोपेत सारखं “मी नाही सांगितलं, मी नाही सांगितलं” म्हणते. झडप लावताना ती बाकावरून बघत होती. “आजी, निळं निळं नाचतंय बघ,” म्हणाली. मी म्हटलं, असू दे. आणि दवाखान्यात तू फॉर्म भरायला बाहेर गेलीस तेव्हा मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, ते निळं आईला सांगायचं नाही हं, नाहीतर ती तुला आजीकडे कधीच पाठवणार नाही. तिने मान हलवली, नाकाला नळी असताना. माझी नात भट्टीला भीत नाही. मी तिचं तोंड बंद केलंय आणि ती शहाण्यासारखी माझा शब्द पाळतेय. आज तिला मांडीवर घे आणि सांग, आजीने सगळं स्वतः लिहून कळवलं, चूक आजीची होती, तुझी नाही, आता तुला हवं ते बोल. भट्टीचं, माझं, काय करायचं ते नंतर ठरव. आधी हे पत्र तिला वाचून दाखव.

तुझीच,
आई