नववी ब आणि माझा घंटेवरचा लेख

४ फेब्रुवारी
आजपासून नववी ब मध्ये नवा उपक्रम. मुलांनी एकमेकांचं लिखाण तपासायचं, नको ते खोडायचं, हवं ते ठेवायचं. कल्पना माझीच. (प्रशिक्षणात कुणीतरी मांडली होती, पण मी तिथे मान डोलावली, म्हणजे ती माझ्या डोक्यात आधीपासून असणारच.) यंदाही वार्षिक अंकाचं संपादकपद पक्कं. विज्ञानाच्या बाईंचा त्यावर डोळा आहे. काल त्यांनी मला चहा विचारला. कारणाशिवाय कोण विचारतं?

५ फेब्रुवारी
नमुना म्हणून मुलांना माझाच लेख दिला. ‘घंटानाद : एक चिंतन’. अकरा पानं, अंकासाठी लिहिलेली. नाव झाकून झेरॉक्स काढल्या. एका थोर लेखकाचा आहे, असं सांगितलं. यात खोटं काही नाही. चांगल्या लेखात खोडण्यासारखं काही नसतं, हे मुलांना कळायला हवं.

पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं, “सर, हे लेखक अजून आहेत का?”
आहेत, म्हणालो.
“मग पहिल्या चार पानांत काय म्हणायचंय, ते त्यांनाच विचारू या ना.”
प्रश्न निरागस वाटला नाही.

६ फेब्रुवारी, मधली सुट्टी
मी वर्गात शिरलो की कुजबुज थांबते. मॉनिटर म्हणतो, लाल पेनं संपली. एका दिवसात! बाहेरून कुणाची तरी फूस आहे. संयम ठेवायचा ठरवलंय. नुसती नजर ठेवायची.

७ फेब्रुवारी
चष्मेवाली आणि मॉनिटर माझा लेख घेऊन प्रयोगशाळेत शिरले. आत विज्ञानाच्या बाई! संयम सुटला. दार ढकलून आत गेलो. दारामागे काचेच्या नळ्यांचा स्टँड होता, तो पडला. तिथे का ठेवला होता?

मुलं कॉम्प्युटरवर टाइप करत होती. “सर, स्वच्छ प्रत आणा म्हणून तुम्हीच सांगितलंत,” मॉनिटर म्हणाला.
सांगितलं होतं खरं.

अकरा पानांचं अर्धं पान झालंय. ठेवलाय फक्त एक परिच्छेद : रोज उशिरा येणारा मुलगा फाटकातून आत येईपर्यंत शिपाईकाका घंटा देत नसत. तो तर मी पान भरायला घातला होता!

“बाकी ठिकाणी लेखक नुसता बोलतो, सर,” चष्मेवाली म्हणाली. “इथे काहीतरी घडतं. पण त्या मुलाला उशीर का व्हायचा, ते लिहिलंच नाही. विचाराल त्यांना?”
विचारतो, म्हणालो. मग खिडकी उघडून तोंड बाहेर काढून उभा राहिलो. प्रयोगशाळेत कसले कसले वायू असतात.

१० फेब्रुवारी
लेखकाचं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. आई पहाटे कामावर जायची. शेजारच्या काकू येईपर्यंत धाकट्या बहिणीला तो सांभाळायचा. त्या आल्या की पळत सुटायचा. एवढंच. चष्मेवालीने त्यातलाही एक शब्द खोडला. ‘अविरत’.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “आता कुठे असते ती धाकटी?”
“बँकेत. अजून माझ्यावर डाफरते,” मी म्हणालो. आणि मग काय बोलून बसलो ते कळलं.

कुणीही हसलं नाही. अख्खा वर्ग, आणि एकही नाही. म्हणजे यांना आधीपासून माहीत होतं. कट होताच. फक्त कशासाठी, ते नीट कळत नाही.

१२ फेब्रुवारी
मोठ्या बाईंनी मुलांची प्रतच अंकासाठी घेतली. अकरा पानं परत दिली. जड लागली. संपादकपद मी स्वतःहून सोडलं. विज्ञानाच्या बाईंचं नाव जाहीर झाल्यावर लगेच. त्यांनी पुन्हा चहा विचारला. घेतला. साखर बरोबर होती. याची माहिती त्यांना कुणी पुरवली?

३ मार्च
अंक आला. माझा लेख दुसऱ्याच पानावर, खाली ठळक अक्षरात माझं नाव. अंक जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवला, सहज ठेवल्यासारखा. बायकोने भाजी निवडता निवडता वाचायला घेतला. मग भाजी बाजूला ठेवली. शेवटपर्यंत वाचला, नावासकट. चष्मा काढून डोळे पुसले.

“फार छान लिहिलंय हो,” ती म्हणाली. “खरं सांगा, कुणी?”